तीन खांबांची सावली

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

घर भाड्याने घेतलेली पार्टी दुपारीच निघून गेली. संध्याकाळपर्यंत थांबणार होते. मालाडची दोन कुटुंबं. त्यातली एक बाई जाताना म्हणाली, "स्विमिंग पूल छान आहे हो, पण सावली कुठे आहे? पोरं भाजून निघाली." मी सॉरी म्हटलं. नितेश असता तर त्याने हसत हसत चार शहाळी पाडून दिली असती आणि तीच बाई खूश होऊन गेली असती. मला तसं जमत नाही.

दर वर्षी दिवाळी झाली की नितेश पूलवर बांबू आणि झावळ्यांचा मांडव घालायचा. गेल्या दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी तो स्वतःच गेला. जेट्टीवर उभा असताना छातीत दुखलं, बोट पलीकडे बोरिवलीला लागेपर्यंत संपलं होतं. बांबू मागच्या भिंतीला तसेच टेकवलेले आहेत.

सुगंधाताई स्वयंपाकघराच्या दारातून सगळं ऐकत होती. ही नितेशची मोठी बहीण, माझी नणंद. तेराव्याला आली ती वर्ष पाळायला म्हणून राहिली. म्हणजे नोव्हेंबरपर्यंत. पार्टी गेटबाहेर पडायच्या आत मोठ्याने म्हणाली, "ऊन लागतं त दर्यावर कशाला येतान? घरान पंख्याखाली बसाचा."

बाईने ऐकलं. आता ती इंटरनेटवर काय लिहील ते लिहील.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सकाळी पूलच्या कडेला आले तर सगळ्या लाद्यांवर जवळा वाळत पसरलेला. पाय ठेवायला जागा नाही. मी म्हटलं, "ताई, शनिवारी पार्टी आहे. वास जात नाही."

"आज बुधवार हाय."

"वास राहतो."

"गोराईत येऊन वास नको त त्यांनी पवईला जावा."

या लाद्या तापतात तशा गोराईत कुठे तापत नाहीत, असं तिचं म्हणणं. पूल खणायच्या आधी इथे त्यांच्या वलांड्या होत्या, बोंबील वाळवायच्या. नितेशने त्या काढून पूल केला त्याला अकरा वर्षं झाली. ती अजून या जागेला पूल म्हणत नाही. जुन्या नावाने "खालाटी" म्हणते.

मी झाडू घेतला होता. मग ठेवला. आज भांडायची ताकद नव्हती.

रविवार, १६ फेब्रुवारी

घाटकोपरहून अल्पेश नावाचा फॅब्रिकेटर आला. शेड, पत्रे, ताडपत्री सगळं करतो. फार बोलतो. दारात पाय ठेवल्यापासून "भाभी टेन्शन नका घेऊ" सुरू झालं. मी टेन्शन घेतलं आहे असं त्याला कोणी सांगितलं?

त्याने चार प्रकार दाखवले. पत्रा सगळ्यात टिकाऊ, पण खाली भट्टी होते आणि इथल्या खाऱ्या हवेत गंजतो. पॉलिकार्बोनेटची शीट दिसायला बरी, पण पश्चिमेचा वारा तिच्याखाली शिरला की ती शेजारच्यांच्या वाडीत जाऊन पडणार, हे त्याने स्वतःच सांगितलं. हिरवी नेट स्वस्त. ती मला नको. इमारतीचं काम चालू आहे असं वाटतं. चौथं म्हणजे शिड. जाड विणलेलं कापड, कोपऱ्यांना लोखंडी कड्या, खांबांना ताणून बांधायचं. वारा आरपार जातो, पावसाळ्यात काढून घडी करून ठेवता येतं.

"हे घ्या भाभी. झकास दिसतं. जुहूला हॉटेलवाले हेच लावतात."

जुहूचं नाव घेतलं की आम्ही भुलतो असं या लोकांना वाटतं. पण शिड मला खरंच बरं वाटलं. त्याला मात्र "विचार करून सांगते" एवढंच म्हटलं.

मी ठरवलं आहे. एप्रिलमध्ये शाळा सुटायच्या आत सावली उभी राहिली पाहिजे. हा मोसम गेला तर हे घर मला चालवता येणार नाही, मग ताईचा मुलगा विकी नाहीतर दुसरं कोणी येऊन सांगेल, मामी, तुम्ही मुलुंडला भावाकडे जा, आम्ही बघतो. मला मूल नाही. मला कुठे पाठवायचं झालं तर कोणाला अवघड वाटणार नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

ताईला सांगितलं. सांगायला नको होतं, थेट करायला हवं होतं.

ती मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "दुखवट्यान मांडव नाय."

"मांडव नाही ताई, शेड आहे."

"चार मेढी रोवल्या, वर छप्पर घातला, त्याला काय बोलतान? लग्नघर हाय काय? माजा भाव जाऊन तीन महिने झालं नाय नि हिचे दारान मांडव. गावान तोंड दाखवशील ना उद्या?"

मी म्हटलं की गावाने मला महिनाभर काय खायला दिलं ते मला माहीत आहे. हे खरं नव्हतं. डाळभात आणि कालवण रोज कुणी ना कुणी आणून देत होतं. पण तोंडातून गेलं.

तिने कोयता पाट्यावर आपटला आणि म्हणाली, "वरीस सरू दे. मग काय पायजे तो घाल. मी बघाला नसेन."

वर्ष सरलं की ती बोरिवलीला मुलाकडे, विकीकडे परत जाणार. मी दिवस मोजत नाही, पण ती जाईल तेव्हा मला बरं वाटणार आहे हे मी इथे लिहून ठेवते.

रविवार, २ मार्च

काशीराम नाखवांकडे जाऊन आले. गावात सुतक, लग्न, कोण कोणाच्या पाया पडायचं, सगळं तेच सांगतात. आता बोट चालवत नाहीत, ओट्यावर बसून जाळं विणतात. मी विचारलं, मांडव कशाला म्हणायचं?

त्यांनी हातातली गाठ आवळली. मग म्हणाले, "चार मेढी. त्याशिवाय मांडव होत नाय."

"तीन असल्या तर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तीन मेढींवर काय उभा राहील?"

"शिड राहील."

नाखवा हसले. "तू हुशार हायेस. नितेश बोलायचा." पुढे म्हणाले, "सुगंधाला विचारलास?"

विचारण्यासारखं काय आहे त्यात? घरी आले आणि अल्पेशला फोन लावला. तीन खांब आणि चौथा कोपरा घराच्या भिंतीला हुक मारून. तो म्हणाला, होतं, फक्त भिंत मजबूत पाहिजे. भिंत मजबूत आहे. माझ्या सासऱ्यांनी बांधली आहे.

जेवताना ताईला सांगितलं. नाखवांचं नाव मुद्दाम घेतलं. ताटात भात तसाच ठेवून उठली. हात धुताना म्हणाली, "ऊन कुठना येणार मग?"

मी म्हटलं, "ऊन येऊ नये म्हणूनच लावतो ना ताई शेड."

शुक्रवार, १४ मार्च

काल होळी. गावाची होळी लागते ती आमच्या गच्चीवरून दिसते. आम्ही दोघी गेलो नाही, दुखवटा आहे. ताई गच्चीवर भिंतीला पाठ लावून बसली होती. गाणी ऐकू येत होती. मला म्हणाली, "नितेश नाचाचा, दारू न पिता." मी म्हटलं, "पिऊनच नाचायचा." ती उठून खाली गेली.

रविवार, २३ मार्च

अल्पेश कापडाचे तुकडे घेऊन आला. पांढऱ्यावर डोळे दिपतात. निळ्याखाली माणसं आजारी दिसतात, मी अल्पेशला त्याखाली उभं करून पाहिलं. शेवटी वाळूच्या रंगाचं ठरवलं. ताईला तुकडा दाखवला.

"कफनाचा रंग हाय."

अल्पेश मध्ये पडला. "मावशी, हा तर सगळ्यात जास्त चालतो. सँड कलर."

"तुजे घरी लाव."

"माझ्या घरी पूल नाही मावशी, वन बीएचके आहे."

ती हसली. माझ्याशी बोलताना तिच्या तोंडावर हसू येत नाही, या परक्या माणसाला बघून येतं. वर त्याला चहा करून दिला, सुकटीची चटणी बांधून दिली. तो जैन निघाला. त्याने पुडी हातात धरली आणि मला डोळ्यांनी विचारलं. मी घेतली नाही.

खांब कुठे रोवायचे ते खडूने आखून गेला. एक खांब बरोबर तिच्या जवळ्याच्या जागेत येतो. मी जागा बदलायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने दोन फूट सरकवला असता.

रविवार, ३० मार्च

पाडवा. गुढी नाही. अल्पेश म्हणाला होता, पाडव्याला काम सुरू करू, दिवस चांगला. मी नको म्हटलं. दुखवट्याच्या घरात पाडव्याला काही रोवलं तर ताईला निमित्तच मिळालं असतं. गुरुवारी या, साधा वार.

गुरुवार, ३ एप्रिल

पाईप भाईंदरच्या बाजूने टेंपोतून आले. अल्पेशबरोबर दोन माणसं होती. खड्डे कालच खणून ठेवले होते. पहिला खांब उभा करायच्या वेळी त्यांच्यातला एक, खंडू नावाचा, म्हणाला, "वहिनी, थोडं हळदकुंकू द्या. आणि आंब्याचा टाळा असला तर."

कुठलंही काम सुरू करताना ही माणसं तसं करतात. नारळ त्यांनी आणलाच होता. मी आत गेले. कुंकवाची डबी नोव्हेंबरपासून उघडली नव्हती, झाकण चिकटलं होतं. चमच्याच्या दांड्याने उघडावं लागलं. टाळा दारातल्या आंब्याचाच तोडून दिला.

ताई मासळी घेऊन बोरिवलीला गेली होती. ती परत आली तेव्हा पहिला खांब उभा होता. तिच्या जवळ्याच्या जागेतला. त्याला हळदकुंकवाची बोटं ओढलेली, वर आंब्याचा टाळा बांधलेला, खाली नारळ फोडलेला.

डोक्यावरची पाटी तिने उतरवली नाही. तशीच उभी राहिली.

"मुहूर्तमेढ रोवलीस?"

लग्नाच्या मांडवाचा पहिला खांब असाच सजवतात, हे मला माहीत आहे. मुलुंडला आमच्याकडेही तसंच असतं. पण तेव्हा मला सुचलंच नाही. खंडूने मागितलं, मी दिलं.

मी तेच सांगितलं. ती म्हणाली, "तू बी.कॉम. झालेली. पाडवा टालतेस, तीन खांब मोजतेस, नाखवाला जाऊन विचारतेस. नि मेढ कलली नाय?"

"खरंच नाही कळलं ताई."

"कुंकू कोनी काढून दिला?"

अल्पेश मध्ये म्हणाला, "मावशी, माझी चूक आहे, टाळा काढून टाकतो, पुसून टाकतो." त्याने खांबाला हात लावला तशी ती ओरडली, "हात नको लावू."

मग मला कळलं की ती घाबरली आहे. रोवलेली मेढ उपटली तर घरात आणखी एक मयत होतं, असं मानतात. या घरात आता आम्ही दोघीच आहोत.

शुक्रवार, ४ एप्रिल

नाखवा स्वतः आले. काठी टेकत पूलपर्यंत गेले, खांबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मेढ ती मेढ. जानून रोवली काय, नकलत रोवली काय. आता उपटाची नाय. काम पुरा कराचा, त्याखाली घरचा कार्य कराचा, चार मानसं जेवाला घालाची. मग ठीक."

"दुखवट्यान कार्य?" ताईने विचारलं.

"म्हनून दुखवटा आधी संपवाचा. वर्षश्राद्ध आताच उरकाचा. लोक लग्नासाठी करतान ना, तसाच."

वर्षश्राद्ध झालं म्हणजे वर्ष संपलं. म्हणजे ताईचंही इथलं काम संपलं. हे तिघांच्याही लक्षात आलं असणार. मी पूलकडे बघत होते.

नाखवा म्हणाले, "सुगंधा, तू बहीन हायेस. तू हो बोलल्याशिवाय नाय."

ताई माझ्याकडे बघत म्हणाली, "हिला हाच पायजे होता. करा."

मला हे असं नको होतं. सावली पाहिजे होती. पण तसं बोलले असते तर कोणाला खरं वाटलं असतं?

गुरुवार, १० एप्रिल

शिड लागलं. अल्पेशने भिंतीतला हुक स्वतः लोंबकळून तपासला. दुपारी पूलच्या उथळ बाजूला पूर्ण सावली पडते आणि वारा आला की कापड नुसतं फुगतं, फडफडत नाही. जे पाहिजे होतं ते अगदी तसंच झालं आहे.

ताईने जवळा गच्चीवर पसरला. गच्चीचा जिना चढताना तिचे गुडघे दुखतात. मी ऐकते, ती प्रत्येक पायरीला काहीतरी पुटपुटते. बहुतेक मलाच.

रविवार, २० एप्रिल

वर्षश्राद्ध झालं. विकीने केलं, भाचा म्हणून. त्याची बायको नेत्रा आली होती. भटजींनी शिडाखालीच पाट मांडले. जेवायला नाखवा आणि भावकीतली माणसं. श्राद्धानंतरची ही पंगत म्हणजेच घरचं कार्य, असं नाखवा म्हणाले.

पहिलं ताट वाढेपर्यंत सगळं ठीक होतं. मग भावकीतल्या एका म्हातारीने वर बघून म्हटलं, "थंडावा चांगला हाय हो. नितेश असता तर खूश झाला असता."

ताई वाढत होती. भातावरचं वरण वाढता वाढता म्हणाली, "नितेश असता तर हा लागलाच नसता. त्याने झावल्या घातल्या असत्या."

"दर वर्षी तो शिडीवर चढून झावळ्या बांधायचा," मी म्हटलं. "खाली तुम्ही नव्हता धरायला. मी होते."

पंगतीत सगळे पानाकडे बघायला लागले. विकी म्हणाला, "आये, मामी, आज तरी बस करा ना यार."

आम्ही बस केलं. ताई आत जाऊन पापड घेऊन आली आणि सगळ्यात आधी माझ्या पानात वाढला. त्याचा अर्थ काय लावायचा मला कळलं नाही. तळताना करपलेला होता.

मंगळवार, २२ एप्रिल

पूलचं पाणी पूर्ण बदललं. शनिवारपासून सलग बुकिंग आहेत. फोटोत शिड चांगलं दिसतं. मालाडच्या त्या बाईनेही परत विचारलं आहे.

गुरुवार, २४ एप्रिल

विकी सकाळी आला, ताईला न्यायला. तिचं सामान दोन पिशव्या आणि पाटी.

दुखवटा निघाला की घरच्या मुलीला साडी नेसवून पाठवायची पद्धत आहे. ती नेसली की त्या घरातलं दुःख संपलं असं धरतात. मी परवा बोरिवलीला जाऊन आणली होती. हिरवी नाही घेतली, मोरपंखी घेतली, तिला शोभेल अशी. ताटात ठेवून पुढे केली.

तिने साडीला हात लावला नाही.

"ठेव."

"ताई, पद्धत आहे."

"पद्धत मना नको शिकवू. ही नेसली का झाला. भटाने त्याचा वरीस संपवला, नाखवाने संपवला, तू तर कवाच संपवलास. माजा संपला नाय. कार्तिकान संपेल तवा नेसेन."

विकी म्हणाला, "आये, घे ना. मामी एवढं घेऊन आलीय."

"तू गप र्‍हा. म्हैन्याचे म्हैन्याला तिथीला मी येनार. पान वाढून ठेवाला. कोनी अडवाचा नाय."

मी म्हटलं, "कोण अडवतंय?"

"नाय, सांगून ठेवते."

"पार्टी असली तर?"

"तर त्यांच्यामधून येईन. माजे बापाचा घर हाय."

एवढं बोलून निघाली. गेटपाशी विकीने पिशवी घ्यायला हात पुढे केला, तो तिने झटकला. मी जेट्टीपर्यंत गेले नाही. जायला हवं होतं की नाही ते माहीत नाही, ती काही वळून बघत नव्हती. साडी परत पिशवीत घालून कपाटात ठेवली. दुकानदार बदलून देतो म्हणाला होता, पण त्यासाठी पुन्हा खाडी ओलांडून कोण जाणार? असू दे.

दुपारी घर फार मोठं वाटलं. शांत होतं म्हणून असेल.

रविवार, २७ एप्रिल

आज पार्टी मोठी होती. सावलीबद्दल कोणाची तक्रार नाही. मुलं संध्याकाळपर्यंत पाण्यातून निघाली नाहीत. एका बाईने विचारलं, "तुम्ही इथे एकट्याच असता?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "किती छान, शांतता." मी तिला जास्तीचे टॉवेल दिले.

आज हे घर मी चालवलं. कोणी काही बोललं नाही. कोणी म्हणजे कोणीच.

मंगळवार, २९ एप्रिल

पंचांग बघितलं. मे महिन्यातली तिथी अठराला येते, आणि तो रविवार आहे. म्हणजे ऐन सुट्टीतला रविवार. तिला हे माहीत असणार. मुद्दामच म्हणाली असणार महिन्याच्या महिन्याला.

संध्याकाळी ठाण्याच्या एका ग्रुपचा फोन आला. त्यांना अठरा मेच पाहिजे होती. मोठा ग्रुप, दोन दिवस राहणारे, जेवणासकट. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, काही तरी करा ना मॅडम, तारीख रिकामी दिसतेय. मी सांगितलं, रिकामी नाही, त्या दिवशी घरचं माणूस येणार आहे.

असं सांगितलं की लोक पुढे वाद घालत नाहीत.